कळवणे आणि वळवणे: ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारल्यावर इतरांना किती आणि कसे सांगावे?

प्रश्न: उंबरठ्यावर

नमस्कार. गेली सुमारे अडीच वर्षे मी नवा करार वाचत आहे. सुरुवात श्रद्धेने झाली नाही. एका वादात समोरच्याला निरुत्तर करावे एवढ्याच हेतूने मी मत्तयाचे शुभवर्तमान उघडले होते, आणि डोंगरावरील प्रवचनापर्यंत येईतो मूळ वाद कशावरून होता हेच विसरून गेलो. त्यानंतर वर्षभर मी एका मंडळीच्या रविवारच्या उपासनेला जाऊन शेवटच्या बाकावर बसत असे आणि शेवटचे गीत सुरू झाले की कोणी ओळख विचारण्याआधी बाहेर पडत असे. आता बाप्तिस्मा घ्यावा असा माझा निश्चय होत आला आहे. माझे कुटुंब ख्रिस्ती नाही. मी हे ग्रंथ वाचतो एवढे आईला ठाऊक आहे. उपासनेला जातो हे ठाऊक नाही.

बाप्तिस्म्याच्या पूर्वतयारीच्या वर्गात आम्हा प्रत्येकाला एक कार्ड देण्यात आले. त्यावर दहा रिकाम्या ओळी आहेत आणि पुढील तीन महिन्यांत ज्यांना आपण सुवार्ता सांगणार आहोत अशा दहा जणांची नावे त्यावर लिहायची आहेत. पहिल्या ओळीवर मी आईचे नाव लिहिले, मग खोडले आणि त्याजागी कार्यालयातील एका जवळच्या मित्राचे नाव लिहिले. त्याच आठवड्यात तो माझ्या टेबलाशी येऊन बसला, आणि ही संधी दवडू नये म्हणून मी वर्गात शिकवलेले चार मुद्दे क्रमाने त्याच्यापुढे मांडले. त्याने सौजन्याने ऐकून घेतले, दोनदा मान हलवली आणि तो उठून गेला. त्याच्या वडिलांना त्या सकाळी रुग्णालयात दाखल केले होते आणि तेच सांगायला तो आला होता, हे मला दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच माणसाकडून कळले. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतेच बोलतो.

माझे प्रश्न असे आहेत. श्रद्धा स्वीकारणे आणि ती इतरांना सांगणे या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात का, की सांगितले नाही तर स्वीकारच अपुरा राहतो? आईला बाप्तिस्म्यापूर्वी सांगावे की नंतर? आणि माझा निर्णय खरोखर माझा आहे, केवळ चांगल्या माणसांच्या सहवासाचा परिणाम नाही, हे मी कशावरून ओळखावे? ज्यांनी हा मार्ग प्रत्यक्ष चालून पाहिला आहे त्यांनी लिहावे. ज्यांना हा मार्ग मान्य नाही त्यांनीही लिहिले तर मला उपयोगच होईल.

प्रतिसाद: जुनी पायवाट

आपला प्रश्न वाचून मला माझेच पहिले वर्ष आठवले. मी वयाच्या सव्विसाव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. त्याला आता एकवीस वर्षे झाली, आणि त्यांतील बराच काळ मी आमच्या मंडळीत नव्याने येणाऱ्यांबरोबर शास्त्र वाचायला बसते. तेव्हा अधिकाराने नव्हे, पण सवयीने चार गोष्टी लिहिते.

आपण ज्यांना एकच काम समजत आहात ती माझ्या मते दोन कामे आहेत. एक कळवणे आणि दुसरे वळवणे. आपण कोण झालो आहोत हे आपल्या माणसांना कळवणे ही कबुली आहे. ती देणे आपल्यावर बंधनकारक आहे, कारण ती न देता जगायचे तर रोज काहीतरी लपवावे लागते. समोरच्याचे मन वळवणे हे मात्र आपल्या हातातले कामच नाही. प्रेषित पौलाने करिंथकरांना पत्र लिहिताना मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, पण वाढवले देवाने, अशी विभागणी करून ठेवली आहे, आणि त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात आपण क्रिस्प व गायस यांच्याखेरीज फारशा कोणाला बाप्तिस्मा दिला नाही याबद्दल त्याने चक्क आभार मानले आहेत. मग जरा थांबून, हो, स्तेफनाच्या घरच्यांनाही दिला होता, आणखी कोणाला दिला असेल तर आठवत नाही, असे तो लिहितो. सुवार्तेसाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसाला स्वतः दिलेल्या बाप्तिस्म्यांची संख्या आठवत नव्हती, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. दहा ओळींचे कार्ड त्याच्या हाती कोणी दिले असते तर त्याने त्याचे काय केले असते कोण जाणे.

शुभवर्तमानांत सांगण्याचे जे प्रसंग आहेत ते एका बैठकीत एकापाठोपाठ वाचून पाहा. गरसेकरांच्या प्रांतातील माणूस बरा झाल्यावर येशूबरोबर येऊ पाहतो, तेव्हा त्याला नकार मिळतो आणि घरी जा, प्रभूने तुझ्यासाठी काय केले ते आपल्या लोकांना सांग, एवढेच काम मिळते. शोमरोनी स्त्री घागर विहिरीवरच टाकून गावात जाते आणि ‘हाच ख्रिस्त असेल काय?’ असा प्रश्न विचारते. तिच्याजवळ सिद्धान्त नाही, पुरते उत्तरही नाही. पुढे गावकरी तिला सांगतात की आता आम्ही तुझ्या बोलण्यावरून नव्हे तर स्वतः ऐकून विश्वास ठेवतो, म्हणजे तिची साक्ष तिथे संपते आणि त्यांची स्वतःची ओळख सुरू होते. फिलिप्प नथनेलाला पटवत बसत नाही, ‘येऊन पाहा’ म्हणतो. योहानाच्या नवव्या अध्यायातील जन्मांध माणसाला धर्माधिकारी पेचात पकडू पाहतात तेव्हा तो म्हणतो की तो मनुष्य पापी आहे की नाही हे मला माहीत नाही. मी आंधळा होतो आणि आता मला दिसते, एवढे एक मला माहीत आहे. आपल्याला ठाऊक नसलेल्या गोष्टींना ‘ठाऊक नाही’ म्हणण्याची ही मोकळीक नव्या विश्वासणाऱ्याला कोणी सांगत नाही आणि मग तो पाठ केलेल्या चार मुद्द्यांवर विसंबून राहतो.

आपल्या मित्राच्या बाबतीत जे घडले त्याचा दोष मी मुद्द्यांना देणार नाही. ते मुद्दे बहुधा बरोबरच असतील. चूक एवढीच झाली की सांगून मोकळे व्हायचे आपण आधीच ठरवले होते, आणि सांगून मोकळे होणाऱ्याला समोरच्याचा चेहरा दिसत नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातील कूशी, म्हणजे इथिओपियाच्या, षंढ अधिकाऱ्याची गोष्ट यासाठी पुन्हा वाचावी. फिलिप्प (नथनेलाला बोलावणारा नव्हे, दुसरा) रथाजवळ धावत जातो आणि आधी ऐकतो. तो अधिकारी यशया मोठ्याने वाचत आहे हे त्याच्या कानावर पडते, मग तो ‘आपण जे वाचत आहात ते आपल्याला समजते काय?’ असे विचारतो, आणि रथात तो चढतो ते बोलावल्यावर. बोलायला सुरुवातही तो त्या माणसाच्या हातात उघडा असलेल्या भागापासूनच करतो. शेवटी ‘मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे?’ हा प्रश्न फिलिप्प विचारत नाही, तो अधिकारी विचारतो. या क्रमात फेरफार केला की काय होते ते आपण अनुभवले आहे.

मित्राकडे जाऊन वडिलांची चौकशी करा आणि त्या दिवशी मी तुझे ऐकलेच नाही अशी माफी मागा. त्या भेटीत श्रद्धेबद्दल एक अक्षरही काढू नका.

प्रतिसाद: काठावरचा वाचक

मी ख्रिस्ती नाही आणि होण्याचा विचारही नाही, पण आपण आम्हालाही लिहायला सांगितले आहे म्हणून लिहितो. आपल्या कार्डावरील ओळीत मी किमान तिघांच्या तरी असेन असे मला वाटते, कारण माझ्या परिचयातील तीन व्यक्तींनी वेगवेगळ्या काळात मला ही श्रद्धा सांगितली आहे.

पहिला माझा वसतिगृहातील सोबती. तो दर आठवड्याला एक पत्रिका माझ्या वहीत ठेवत असे आणि मी ती वाचली का असे विचारत असे. परीक्षेच्या काळात मी त्याला स्पष्ट नकार दिला, आणि त्या दिवसापासून त्याने माझ्याशी बोलणे जवळजवळ सोडून दिले. त्याला मी हवा होतो की माझा होकार हवा होता, याचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले. दुसऱ्या व्यक्तीने मी अत्यंत अडचणीत असताना मदत केली, आणि त्या मदतीसोबत प्रार्थनासभेचे आमंत्रण दिले. आमंत्रण नाकारले असते तरी मदत मिळालीच असती, याची मला आजही जवळपास खात्री आहे. परंतु त्या क्षणी ते विचारून पाहण्याची माझी प्राज्ञा नव्हती. घेणाऱ्याची बाजू इतकी पडती असते हे देणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

तिसरी माझी वरिष्ठ सहकारी. तिच्याबरोबर काम करून आठ वर्षे झाली होती, आणि ती विश्वासणारी आहे हे मला पहिल्या महिन्यातच कळले होते, कारण रविवारी काम करणार नाही असे तिने सर्वांसमोर सांगितले होते आणि का ते एका वाक्यात सांगितले होते. एका प्रकरणात खोटी तारीख घातल्याने आमच्या संपूर्ण विभागाची सुटका होणार होती. तिने सही केली नाही आणि त्याचा फटका तिलाच बसला. त्यानंतर मीच तिला विचारले की हे तुला कसे जमते. ती म्हणाली, जमत नाही, रात्री झोप लागली नाही, पण मी प्रार्थना करते. आणि मग मी विचारत गेलो तशी ती दोन तास बोलली. त्यातले बरेचसे मला पटले नाही. पण त्या दोन तासांत मी तिच्या हिशेबात कुठेतरी जमा होतो आहे असे मला एकदाही वाटले नाही.

जुनी पायवाट यांनी केलेली विभागणी मला मान्य आहे, पण एक भर घालतो. कळवण्यातही एक छुपे वळवणे असू शकते. ‘मी फक्त माझा अनुभव सांगतो’ असे म्हणून बोलणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांच्या अनुभवाचा शेवट नेहमी माझ्याकडे बोट दाखवून होतो. ऐकणाऱ्याला ते बोट दिसते.

प्रतिसाद: पेरणी

वरील दोन्ही प्रतिसाद आदराने वाचले, परंतु मला त्यांतील सूर थोडा सोयीचा वाटतो, म्हणून विरोधी बाजू मांडतो. मी सुवार्तिक आहे. लोकांना न विचारता सांगणे हेच माझे काम आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही.

मत्तयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातील आज्ञा ‘जाऊन सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा’ अशी आहे. कोणी विचारेपर्यंत थांबा असे तिच्यात म्हटलेले नाही. ज्यांनी ऐकलेच नाही ते विश्वास कसा ठेवतील आणि घोषणा करणाऱ्याशिवाय ऐकतील कसे, हा रोमकरांस पत्रातील प्रश्न आहे. पौलाला अथेन्समध्ये कोणी बोलावले नव्हते. तो बाजारात भेटेल त्याच्याशी रोज वाद घालत असे, आणि अरियपगावर त्याचे भाषण झाल्यावर काहींनी थट्टा केली, काहींनी पुन्हा ऐकू म्हटले आणि काहींनी विश्वास ठेवला. थट्टेच्या भीतीने तो गप्प बसला असता तर दियोनुस्य आणि दामारी यांची नावे आपल्याला कळलीही नसती. मला स्वतःला ही श्रद्धा एका अनोळखी माणसाने न विचारता सांगितली. मी त्याच्याशी उद्धटपणे वागलो होतो. तो भिडेखातर गप्प राहिला असता तर मी आज जिथे आहे तिथे नसतो, हे मी विसरू शकत नाही.

काठावरचा वाचक यांना आलेले पहिले दोन अनुभव वाईट आहेत आणि त्यांचे समर्थन होऊ शकत नाही. मदतीच्या बदल्यात श्रद्धा मागणे हा तर सुवार्तेचाच अपमान आहे. २०११ मध्ये जिनिव्हा येथे जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवादाची परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल आघाडी यांनी मिळून साक्ष देण्याच्या आचारनियमांविषयी एक संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. त्यात फसवणूक, जबरदस्ती आणि लोकांच्या गरिबीचा वा गरजेचा गैरफायदा घेणे स्पष्टपणे नाकारलेले आहे. एरवी एकमेकांशी क्वचितच सहमत होणाऱ्या या तीन प्रवाहांचे त्यावर एकमत झाले. पण त्याच निवेदनाचा आरंभ साक्ष देणे हे चर्चच्या अस्तित्वाचेच अंग आहे या भूमिकेने होतो, हेही नमूद करायला हवे.

दहा नावांचे कार्ड वाईट असेल. माझ्या मते ते प्रार्थनेसाठी उपयोगी आहे आणि मोजदादीसाठी घातक आहे. परंतु कार्ड फाडून टाकण्याच्या भरात तोंडही बंद करून घेऊ नका, एवढीच विनंती.

प्रतिसाद: जुनी पायवाट

पेरणी यांचे म्हणणे मी खोडणार नाही. त्यांच्यासारखी माणसे नसती तर आम्हा बहुतेकांपर्यंत हे शब्द पोहोचलेच नसते. मात्र इफिसकरांस पत्रात काहींना प्रेषित, काहींना संदेष्टे, काहींना सुवार्तिक, काहींना पाळक व शिक्षक असे नेमले, असे म्हटले आहे. त्या ‘काहींना’ या शब्दाला अर्थ आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात सर्वसामान्य विश्वासणाऱ्यांना जी सूचना आहे ती, तुमच्या आशेचे कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायला सिद्ध असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या, अशी आहे. त्यात विचारणारा आधी येतो. अनोळखी लोकांपुढे उभे राहून बोलणे आणि आपल्या आईपुढे बसून बोलणे यांत जो फरक आहे तो या दोन वचनांमधला फरक आहे असे मला वाटते.

आणि मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायातील ते कठोर वाक्यही त्याच येशूचे आहे, ज्यात एक मतानुयायी मिळवण्यासाठी समुद्र आणि भूमी पालथी घालणाऱ्यांची कानउघाडणी केली आहे.

प्रतिसाद: सायंप्रार्थना

मी कॅथोलिक परंपरेतली आहे आणि प्रौढ उमेदवारांना स्नानसंस्कारासाठी, म्हणजे बाप्तिस्म्यासाठी, तयार करण्याचे काम गेली काही वर्षे करते. आपल्या तिसऱ्या प्रश्नाला, म्हणजे निर्णय आपलाच आहे का या प्रश्नाला, अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून तेथून सुरुवात करते.

प्राचीन ख्रिस्तसभा या बाबतीत आजच्यापेक्षा पुष्कळच कमी उतावीळ होती. तिसऱ्या शतकाच्या सुमारास रोममधील प्रथा सांगणारा म्हणून ओळखला जाणारा जो ग्रंथ आहे, त्यात उमेदवाराने तीन वर्षे श्रवण करावे असे म्हटले आहे, आणि शेवटी त्याला काय पाठ आहे यापेक्षा त्याने विधवांचा मान राखला का, आजाऱ्यांना भेट दिली का, हे विचारावे असे म्हटले आहे. विशेष म्हणजे ही विचारणा उमेदवाराला नव्हे, तर त्याला घेऊन आलेल्या माणसांना करायची असे. कॅथोलिक धर्माध्यक्षांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ मध्ये, प्रौढांच्या प्रवेशाचा विधी याच जुन्या पद्धतीच्या आधारे पुन्हा टप्प्याटप्प्यांचा करण्यात आला. मी माझ्या उमेदवारांना सांगते की कोणत्याही टप्प्यावर मागे वळता येते आणि वळल्यास कोणी रागावणार नाही. हे ऐकल्यावर ज्यांचे खांदे सैल होतात ते बहुधा पुढेही जातात. १९६५ मध्ये त्याच परिषदेने धर्मस्वातंत्र्यावरील घोषणापत्रात श्रद्धेचा स्वीकार हा स्वभावतःच मुक्त असतो आणि कोणालाही त्यासाठी भाग पाडता कामा नये, असे लिहून ठेवले आहे. हे तत्त्व आपण इतरांना लागू करतो, स्वतःला लागू करायला विसरतो.

चांगल्या माणसांच्या सहवासाचा परिणाम असेल तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. श्रद्धा पुस्तकातून एकट्याने मिळवावी असा नियम कोठेही नाही. पण एक कसोटी मी सुचवते. ही माणसे उद्या आपल्याला निराश करतील, आणि करतीलच, तेव्हा आपण काय कराल? पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडायला त्यानंतर काही वर्षे जावी लागली, असे त्यांनीच पुढे प्रांजळपणे लिहिले. म्हणजे बाप्तिस्म्याच्या दिवशी सर्व काही सिद्ध झालेले असावे अशी अपेक्षाही नको. लूकच्या चौदाव्या अध्यायातील बुरूज बांधणाऱ्याप्रमाणे बसून खर्चाचा अंदाज मात्र घ्यावा.

आईच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: आधी सांगा. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर लक्ष्मीबाईंवर आणि त्यांच्या घरावर जो आघात झाला तो त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. वाचताना आपण कोणाच्या बाजूने आहोत हेच कळेनासे होते. पुढे त्या पतीकडे परतल्या, त्यांच्या घरात स्वतःचे आचार सांभाळून राहिल्या, आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मधली ती पाच वर्षे कोणत्याही कार्डावर मावणारी नाहीत.

संत ऑगस्टिनच्या आईची, मोनिकाची, एक गोष्ट मला फार आवडते. मुलगा मानी नावाच्या धर्मसंस्थापकाच्या पंथात गेलेला पाहून ती एका धर्माध्यक्षाकडे गेली आणि याला चार शब्द सांगा म्हणून त्याच्या हात धुऊन मागे लागली. तो धर्माध्यक्ष स्वतः त्याच पंथात वाढलेला होता, तरीही त्याने बोलायला नकार दिला. तो अजून ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही, त्याला राहू दे, तू फक्त प्रार्थना कर, वाचता वाचता त्याचा त्यालाच उलगडा होईल, असे त्याने सांगितले. आणि तरीही ती रडत उभी राहिली तेव्हा थोडे त्रासून, इतक्या अश्रूंचा मुलगा नाश पावणे शक्य नाही, असे म्हणून तिला वाटेला लावले. ऑगस्टिनचा बाप्तिस्मा पुढे ३८७ मध्ये, मिलानमध्ये, अँब्रोझच्या हातून झाला. त्या धर्माध्यक्षाचे नाव कोठेही नोंदलेले नाही. न बोलण्याचा निर्णय घेणाऱ्यांची नावे बहुधा नोंदली जात नाहीत.

प्रतिसाद: उंबरठ्यावर

सर्वांचे मनापासून आभार. काही प्रतिसाद मी दोनदा वाचले आणि काठावरचा वाचक यांचा चारदा वाचला, कारण वसतिगृहातील सोबत्याच्या जागी मला मीच दिसलो.

काल मित्राला भेटलो. रुग्णालयाच्या जिन्याजवळ तो उभा होता. मी माफी मागितली. त्याने लगेच काही उत्तर दिले नाही. वडिलांच्या तपासण्यांचे कागद माझ्या हातात दिले आणि यातला क्रम लावून दे म्हणाला. आम्ही अर्धा तास जिन्यावर बसून तारखांप्रमाणे कागद लावले. निघताना त्याने स्वतःहून विचारले की तू ते जे काय म्हणत होतास ते खरोखरच घेणार आहेस का. मी हो म्हटले. त्याने कधी असे विचारले, मी तारीख अजून ठरलेली नाही म्हणालो, आणि विषय तेथेच थांबला. मला पुढे बोलावेसे वाटत होते हे नाकारत नाही.

आईचा प्रश्न अजून तसाच आहे. तिला सांगितल्यावर ती रडेल हे मला ठाऊक आहे, आणि तिच्या रडण्यापुढे मी सिद्धान्त मांडू लागेन अशी मला भीती वाटते, कारण बोलण्याची सवय लागलेली आहे. आधी सांगावे हे पटले. काय सांगू नये, हे कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद: जुनी पायवाट

आतापर्यंत मी चुकीच्या धर्मात होतो, असे म्हणू नका. तिने आपल्याला जे दिले त्याच्यावर ते बोट जाते. तिच्या तारणाविषयी त्या दिवशी बोलू नका. तिने विचारले, आणि आया विचारतात, तर तो निर्णय माझ्याकडे नाही असे सांगा, कारण ते शब्दशः खरे आहे. तू काहीही म्हणालीस तरी मी हे करणारच, हे वाक्य मनात असले तरी शेवटी येऊ द्या, आरंभी नव्हे. मी माझ्या आईला पत्र लिहून कळवले होते, समोर बसायचे धैर्य नव्हते म्हणून. ते पत्र तिने जपून ठेवले, पण एवढे तोंडाने सांगायला काय झाले होते, असे ती शेवटपर्यंत म्हणत असे. तेव्हा पत्र लिहू नका.

आणि जे पूर्वीसारखे राहणार नाही त्याबरोबर जे तसेच राहणार आहे तेही सांगा. रविवारी सकाळी मी घरी नसेन, हे सांगावे लागेल. दर महिन्याला तिला डोळ्यांच्या तपासणीला कोण नेणार, तिच्या औषधांचा डबा कोण भरणार, हेही त्याच बैठकीत सांगून टाकावे. पुष्कळदा श्रद्धेपेक्षा मुलगा जाईल की काय याची धास्ती अधिक असते.

प्रतिसाद: पेरणी

याला माझीही पूर्ण सहमती. मी माझ्या वडिलांना पहिल्याच संध्याकाळी नरकाविषयी सांगितले होते. त्यानंतर सात वर्षे आमच्यात हवापाण्यापलीकडे बोलणे झाले नाही, आणि ती सात वर्षे मला परत मिळालेली नाहीत.

प्रतिसाद: काठावरचा वाचक

एक विचारतो, उत्तर द्यायलाच हवे असे नाही. त्या कार्डाचे काय केले?

प्रतिसाद: उंबरठ्यावर

कार्ड पाळकांना परत केले. आठ ओळी रिकाम्या आहेत, पहिल्यावर आईचे खोडलेले नाव आणि त्यावर मित्राचे नाव आहे, आणि दुसऱ्या ओळीवर मी स्वतःचे नाव लिहिले आहे. पाळकांनी ते पाहिले, थोडे हसले आणि आपल्या शास्त्राच्या प्रतीत खूण म्हणून ठेवून दिले. वर्गात पुन्हा कार्ड वाटायचे की नाही यावर विचार करतो, एवढेच ते म्हणाले. त्यांच्याकडूनही चूक झाली असे मी म्हणत नाही. हेतू चांगला होता.

आईला शनिवारी दुपारी सांगणार आहे. त्या वेळी घरी आम्ही दोघेच असतो.